सतरा नंबरने बदकमावशी तपासली

सोमवार, ४ तारीख, दुपारी

लेका,

आशीर्वाद आधी, भांडण मागून.

फोनवर तुझं माझं जमत नाही. मी वाक्य सुरू केलं की तू "बरं बरं आई" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदाला तसं करता येत नाही. फाडायचा म्हटला तरी आधी दोन ओळी नजरेखालून जातातच.

तर काल तू हुकूम सोडलास, टॅब पोरीला परत दे. नाही देत. पिठाच्या डब्यात ठेवलाय, पिशवीत गुंडाळून, तेव्हा बिघडेल म्हणून जीव खाऊ नकोस. वर म्हणालास, "तुला काय कळतं त्यातलं? तू चौथी शिकलेली." हो, चौथी. आणि त्या चौथीवर तुला पंधरावीपर्यंत नेलं, ते कुणी? बरं, राहू दे. ते उकरून काढलं तर वही पुरायची नाही.

आधी काय झालं ते नीट ऐक, म्हणजे वाच.

तीन वर्षांनी तू पोर माझ्याकडे महिनाभर पाठवलीस. मला आभाळ ठेंगणं झालं. तिची गादी माझ्या पलंगाशेजारी घातली, खिडकीला नवा पडदा शिवला, पिवळा. भिंगरी नाव तिला मीच ठेवलं होतं ना, तशीच आहे अजून, एका जागी ठरत नाही. पण चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की ही भिंगरी न्हाणीघराच्या दारात येऊन थांबते. म्हणते, "आजी, तू बाहेर उभी राहा आणि गाणं म्हण." मी म्हटलं, गाणं कशाला? तर म्हणे, "तू गात असलीस की कळतं तू आहेस." मी उभी राहिले. गायले. शेजारणीने खिडकीतून विचारलं, बरं वाटत नाही का तुम्हाला?

पोर बाहेर आल्यावर मी आत पाणी ओढायला गेले, तर पाणी जाईना. मोरीच्या जाळीत तिने आपला मोजा कोंबला होता. गुलाबी, ससा काढलेला. मी काढला. दुसऱ्या दिवशी परत. मी परत काढला, तर रडली. म्हणाली, "तिथून ती येते."

कोण येते? तर बदकमावशी.

तू तो खेळ उघडून बघितलास का रे कधी? नसणार. बंद पडलेलं पोहण्याचं तळं आहे. त्यात एक कापडी बदक, पिवळंधमक, डोळ्यांना काळी बटणं, चोचीवर टाके. सुरुवातीला ते गोड आवाजात विचारतं, माझ्याशी लपाछपी खेळणार का? मग राज्य घेतं. मग ते जाळीतून, नळातून, मोरीतून वर येतं आणि हसतं, आणि त्या चोचीत दात असतात. सूनबाई फोनवर मला म्हणाली, "आई, अहो त्यात रक्तबिक्त काही नाही, कापडाचं बदक तर आहे. हिच्या वर्गात सगळ्या मुलींच्या दप्तराला तेच लटकलेलं असतं." लटकत असेल. कापडाची खेळणी मला शिकवायची नाहीत. चोवीस वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात तपासणीला होते मी. कापडाच्या बदकाच्या पोटात काय भरलंय ते मला हात लावून सांगता येतं.

म्हणून ठरवलं. हे बदक मी तपासणार. पूर्ण. तोवर टॅब पिठात.

डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं असं आहे ते. काल मी अर्धा तास भिंतीकडे तोंड करून चालत होते. भिंगरी आत झोपलेली, दुपारची. बदकाने मला एकोणीस वेळा खाल्लं.

तुझी आई

शुक्रवार, ८ तारीख, सकाळी, पोर अजून उठलेली नाही

लेका,

तुझं उत्तर सूनबाईच्या फोनवरून आलं. रविवारी येतो आणि पोरीला घेऊन जातो. आणि खाली, "तूच तिला तो खेळ मांडीवर बसवून खेळायला दिलास, तिनेच सांगितलं. मग आता आव कसला आणतेस?"

पोरगी तुझ्यावर गेली. सगळं सांगते.

हो. दिला. मागच्या पत्रात ते मी गाळलं होतं, आता लिहिते. आली त्याच दिवशी दुपारी ती माझ्या मांडीवर येऊन बसली, टॅब घेऊन. सात वर्षांची झाली तरी मांडीत मावते अजून. तीन वर्षं माझी मांडी रिकामी होती. ती काय दाखवते आहे ते मी धड बघितलंच नाही, तिच्या केसांचा वास घेत होते. ते बदक अंगावर आलं तशी ती दचकून माझ्यात घुसली आणि मी हसले. हसले रे मी! मला वाटलं, काय गंमत आहे. म्हटलं, "अजून एकदा लाव." त्या रात्री गादी ओली झाली. मी चादर धुतली आणि तुला सांगितलं नाही.

तेव्हा चूक माझीही आहे. पण माझी चूक आहे म्हणून तुझी बरोबर ठरत नाही. खेळाने तुला विचारलं होतं, खेळणाऱ्याचं जन्मसाल काय? तू तुझं टाकलंस. हेही तिनेच सांगितलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं आहे, बारा वर्षांपुढे, भीतीदायक दृश्ये. मी भिंगाने वाचलं. चौथीतलीला वाचता येतं ते पंधरावीतल्याला दिसू नये?

आता माझी तपासणी ऐक. खेळ संपवला मी! पूर्ण! बुधवारी दुपारी बदकमावशीला तळ्यात कोंडलं, वरून झाकण, आणि पडद्यावर फटाके उडाले. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. भिंगरी बाहेरून ओरडली, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, भाजी चांगली झाली. खोटं बोलले. खरं सांगू का, या वयात इतकी मजा मला कशानेच आली नव्हती. गुडघे दुखतात ते तीन दिवस आठवलेच नाहीत. लपायचं कपाट उघडायच्या आधी मी श्वास धरायचे. तू म्हणशील म्हातारी चळली. म्हण.

म्हणजे खेळ वाईट नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईला अगदी योग्य आहे. सात वर्षांच्या पोरीला नाही. आणि का नाही, ते मला सांगता येतं, कारण मी ओढून बघितलंय.

कारखान्यात आमचं काम काय होतं, तुला कधी सांगितलं नाही. अस्वल आलं, ससा आला, की त्याच्या डोळ्याला चिमटा लावायचा, चिमट्याला वजन लटकवायचं आणि दहापर्यंत मोजायचं. मग छातीएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकायचं. मग शिवण दातात धरून ओढायची, बाळं ओढतात तशी. टिकलं तर आपल्या नंबराची चिठ्ठी टाचायची. माझा नंबर सतरा. मुकादमबाई सांगायची, "खेळणं गोंडस आहे का ते बघायला गिऱ्हाईक आहे. तुम्ही फक्त बाळ बना." खोक्यावर छापलेलं वय दुकानासाठी असतं. चिठ्ठीवरचा नंबर बाळासाठी.

तर मी सात वर्षांची बनले आणि खेळले. काय दिसलं सांगू? एक तर ते बदक घरातल्या जागेतून येतं. राक्षस डोंगरावर राहिला तर पोराला परवडतं, डोंगर रोज चढावा लागत नाही. मोरी रोज लागते. दुसरं, हरल्यावर ते थांबत नाही, लगेच "पुन्हा?" म्हणून विचारतं आणि दोन मोजायच्या आत आपणच सुरू होतं. "नको" म्हणायला बटण शोधावं लागतं, कोपऱ्यात, मुंगीएवढं. मोठ्या माणसाला सापडतं. घाबरलेल्या पोराला सापडत नाही. मी भिंगरीला विचारलं, "भीती वाटायची तर बंद का नाही केलंस?" म्हणाली, "बंद केलं तर ती कुठे गेली ते कळत नाही ना."

हे वाक्य तू दोनदा वाच.

भीतीला माझी ना नाही. तूही माझ्याकडून किती भुतं ऐकलीस, पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून "पुढे? पुढे?" करायचास. पण मी सांगताना तुझ्या तोंडाकडे बघत असायचे. तुझा ओठ थरथरला की माझं भूत शिंकायचं. नाहीतर त्याचं धोतर सुटायचं. तू हसलास की परत त्याला दात फुटायचे. टॅबला तुझ्या पोरीचं तोंड दिसत नाही. तिचा ओठ थरथरतो तिथेच ते आवाज मोठा करतं.

सूनबाई म्हणते, वर्गातल्या सगळ्या खेळतात. मी भिंगरीला खोदून विचारलं. सगळ्या म्हणजे दोघी. बाकीच्यांनी नुसतं दप्तराला लटकवलंय आणि खेळल्याचं सांगतात. तीही सांगायची, तू तिला खेळ देण्याआधी. पोरगी दोन मैत्रिणींच्या मागे पडायच्या भीतीने बदकाची भीती विकत घेऊन बसली.

आता तू येणार रविवारी. ये. पण एक अट आहे. आधी तू खेळायचं. तासभर, कानात ते लावून, पडदे ओढून, मध्ये उठायचं नाही. मग सांग, द्यायचा का तिला. तेव्हा मी पिठातून काढून तुझ्या हातात देईन आणि एक शब्द बोलणार नाही. न खेळता घेऊन गेलास, तर तू न बघता चिठ्ठी टाचणारा माणूस. आणि तसल्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

तुझी आई

(पोर उठली. विचारते, कुणाला एवढं लिहितेस? म्हटलं, तुझ्या बापाला ओरडते आहे. म्हणाली, "आवाज येत नाही.")

शनिवार, ९ तारीख, संध्याकाळ

लेका,

कालचं आणि हे टपालात टाकत नाही, दोन्ही उद्या हातात देईन. समोर बोलता आलं असतं तर चाळीस वर्षांत बोलले असते.

काल लिहिताना शेवटचं वाक्य हातून गेलं आणि मग दिवसभर मनात टोचत राहिलं. ठाऊक आहे म्हटलं, तर कसं ठाऊक आहे ते सांगायला हवं.

तू अडीच वर्षांचा होतास. कारखान्यात वर्षाच्या शेवटी कामगारांना एकेक खेळणं मिळायचं. मी तुझ्यासाठी तपकिरी ससा आणला. तू त्याला घेऊन झोपायचास, जेवायचास, त्याला ओरडायचास. एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. तुझा आवाज बंद झाला. पोराचा आवाज बंद झाला की आई वळते, तशी मी वळले. तू उभा होतास, तोंड उघडं, निळा पडत चाललेला. सशाला एकच डोळा.

तुला उलटा धरला आणि पाठीत हाणलं. किती वेळा, ठाऊक नाही. ती काळी गोळी फरशीवर पडली, टणटण उडत गेली. मग तू रडलास. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

सशाच्या कानामागे चिठ्ठी अजून टाचलेली होती. ती मी वाचली. सतरा.

मला आठवलं. शनिवारचा शेवटचा खोका, सुट्टीची घंटा झालेली, तू घरी तापाने फणफणलेला. मी नुसत्या चिठ्ठ्या टाचत गेले. ससे गोंडस होते. मला वाटलं, एवढे गोंडस आहेत, काय होणार?

सोमवारी मुकादमबाईला सांगितलं. तिने खोका परत मागवला, गोदामातच होता. बेचाळीस ससे. सगळ्यांचे डोळे मी तिच्यासमोर ओढले. नऊ डोळे हातात आले. ती म्हणाली, "सतरा, उद्यापासून दहापर्यंत मोठ्याने मोजायचं." पुढची वीस वर्षं मी मोठ्याने मोजलं. बाकीच्या बायका हसायच्या, म्हणायच्या सतराची शाळा भरली.

तुझ्या वडिलांना सांगितलं, ससा हरवला. तुला काहीच नाही सांगितलं. तू अजून औषधाची गोळी चुरून घेतोस, सूनबाई त्यावरून तुला हसते. ती तुझी खोड नाही. माझी आहे.

हे मी दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. पोर न्यायची तर ने, बाप आहेस. पण "आईला काय कळतं" हे वाक्य माझ्या घरात परत काढायचं नाही.

आणि एक गंमत. जुन्या पिवळ्या टॉवेलचं मी एक बदक शिवलं, मुद्दाम एक डोळा कच्चा लावला. भिंगरीला चिमटा दिला, स्वयंपाकघरातली किलोची पिशवी दिली, म्हटलं तपास. तिने लटकवली. सहा मोजेस्तोवर डोळा तुटून पडला. आधी दचकली, मग इतकी खूश झाली! "नापास!" म्हणून ओरडली. स्वतः सुई घेतली, डोळा परत शिवला, चार वेळा गाठ मारली, परत लटकवली, दहापर्यंत मोजलं. मग कागदाची चिठ्ठी करून त्यावर अठरा लिहिलं. मी म्हटलं, अठरा का? म्हणाली, "सतरा तू आहेस ना."

आज अंघोळीला गेली तेव्हा मोजा तिनेच काढला. दार उघडं होतं, पण मला गायला लावलं नाही. शेजारीण सुटली.

तुझी आई

मंगळवार, १२ तारीख

लेका,

सुखरूप पोचल्याचं कळलं. पोर बरी आहे, इथेच आहे, आणि आत्ता माझ्या सगळ्या उशांचे अभ्रे ओढून बघते आहे. सहा नापास.

तुला पोचून दोन दिवस झाले नाहीत तोवर लगेच लिहिते, कारण राहवत नाही.

तू दोन्ही पत्रं वाचलीस. घडी घालून वरच्या खिशात ठेवलीस ते मी बघितलं. मग म्हणालास, "आण तो टॅब. तासभर ना? बसतो." आणि सूनबाईकडे बघून डोळा मारलास, म्हणजे म्हातारीचं मन राखतोय. ती दारात हाताची घडी घालून उभी. मी पडदे ओढले. दुपारचे तीन.

पहिली दहा मिनिटं तू हसत होतास. "आई, हे बघ, किती सोपं आहे." पंधराव्या मिनिटाला हसणं थांबलं. कपडे बदलायच्या खोलीत गेलास ना, तिथे ओळीने कपाटं आहेत, तिसऱ्यात लपायचं असतं, मी सांगणार होते पण म्हटलं तपासणीत मदत करायची नसते. आणि मग तुझ्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी तू पाच वर्षांचा असताना शेवटचा ऐकला होता. सूनबाईची घडी सुटली. ती म्हणाली, "अहो, काय झालं?" तू म्हणालास, "काही नाही. पाय आखडला."

चाळीस मिनिटांनी कानातलं काढून ठेवलंस. तास झाला नव्हता. मी घड्याळाकडे बघितलं. तू म्हणालास, "हॅ, यात काही नाही. उगाच बाऊ." मग टॅब माझ्याकडे सरकवून म्हणालास, "पण राहू दे टॅब तुझ्याकडे. आणि सुट्टी संपेपर्यंत तीही राहू दे." मला तेवढं पुरे. कबुली कुणी थाळीत वाढून देत नाही.

सूनबाई मात्र जाताना चपला घालता घालता हळूच म्हणाली, "आई, तिचे बाकीचे खेळही तुम्ही एकदा बघाल का?" मी म्हटलं, अगं, बघते काय, तुटून पडते. तेव्हा चार खेळ तपासणीला आहेत. एक केक भाजायचा आहे, तो पास. एका शर्यतीच्या खेळात अनोळखी माणसं लिहून बोलतात, एकाने मला विचारलं तू किती वर्षांची, मी खरं सांगितलं, तो पळाला. पण तो खेळ नापास. उद्या एखादीने सात सांगितलं तर तो पळेलच असं नाही.

आता मुद्द्याचं. निघण्याआधी तू अंघोळ केलीस. प्रवासाला निघताना कधी करत नाहीस, पण म्हटलं उकडत असेल. दार पूर्ण लावलं नव्हतंस. नळ शेवटपर्यंत चालू. मी आपली स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. आणि तू मध्येच हाक मारलीस, "आई, आहेस ना गं तिथे?" मी म्हटलं, आहे रे. तू म्हणालास, "नाही, सहज."

तुम्ही गेल्यावर मी पाणी ओढायला आत गेले. पाणी जाईना.

मोरीच्या जाळीत तुझा रुमाल होता. निळ्या चौकड्यांचा. नीट घडी घातलेला, चारही कोपरे आत दाबलेले. पंधरावी शिकलेल्या माणसाचं काम, कुठून सुटायला नको.

धुऊन, वाळवून या पाकिटातच पाठवते आहे. अठरा नंबरला दाखवला नाही, बापाची अब्रू आहे. मी एकटीच हसले, पलंगावर बसून, पोटात दुखेपर्यंत. मग थोडं रडले, ते वेगळ्या कारणाने. तू हाक मारलीस ना.

रुमालाला चिठ्ठी टाचली आहे, ती काढायच्या आधी वाच:

तपासले. वय वर्षे चाळीस. या खेळासाठी अजून लहान.
— १७